स्वर्गात मोठा कोण?

सर्व संतांच्या सणाला, म्हणजे काल १ नोव्हेंबर २०२५ रोजी, पोप लिओ चौदावे यांनी रोममध्ये संत जॉन हेन्री न्यूमन यांना ‘डॉक्टर ऑफ द चर्च’, म्हणजे ख्रिस्तसभेचे आचार्य, हा मान दिला. हा मान मिळालेले ते अडतिसावे. १८७९ साली न्यूमन यांना कार्डिनल केले ते लिओ तेराव्यांनी, आचार्य केले ते चौदाव्यांनी. मध्ये जवळपास दीडशे वर्षे गेली. आयुष्याचा पहिला अर्धा भाग ते अँग्लिकन होते, १८४५ नंतरचा कॅथलिक. त्यामुळे त्यांचे कौतुक करताना दोन्ही बाजूंना थोडे अवघडल्यासारखे होते, आणि आमच्या मते ते बरेच आहे.

आज २ नोव्हेंबर, मृतांचा स्मरणदिन. यंदा तो रविवारीच आला आहे. वसईच्या गावागावांतल्या दफनभूमीत गेला आठवडाभर झाडलोट चालली होती. कबरींवरचे गवत काढले गेले, चुन्याचा हात फिरला, संगमरवरावरची अक्षरे घासूनपुसून वाचता येतील अशी झाली. संध्याकाळी मिस्सा होईल, नावे वाचली जातील, फादर पवित्र पाणी शिंपडत रांगांमधून फिरतील. कोणाच्या कबरीवर झेंडूची आरास, कोणाच्या कबरीवर वाऱ्याने विझलेली एकच मेणबत्ती. या रांगांत पन्नास वर्षे पहाटेची मिस्सा न चुकवलेली आजी आहे. जन्मभर चर्चकडे न फिरकलेला आणि शेवटच्या दुखण्यात फादरांना बोलावून पापांगीकार करून मोकळा झालेला तिचा दीरही आहे. कडेला दोन हात लांबीच्या लहान कबरी आहेत, त्यांच्यावर जन्माची आणि मरणाची तारीख एकाच महिन्यातली आहे.

ही सगळी माणसे स्वर्गात असतील, तर ती तिथे सारखीच असतील का? आजीच्या पन्नास वर्षांना काही अर्थ आहे की नाही? असेल, तर त्या अर्भकाचे काय?

हा प्रश्न पोरकट वाटू शकतो, पण तो खुद्द पेत्राने विचारलेला आहे. आम्ही सगळे सोडून तुमच्यामागे आलो, आम्हांला काय मिळणार, असे त्याने येशूला सरळ विचारले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी हे आहे, आणि पुढचे सगळे ओळीने वाचण्यासारखे आहे. येशू त्याला झिडकारत नाही. बारा सिंहासनांचे आणि शंभरपट परताव्याचे आश्वासन देतो. पण त्याच दमात तो द्राक्षमळ्याची गोष्ट सांगतो: पहाटेपासून उन्हात राबलेल्यांना एक दिनार, आणि दिवस मावळायला तासभर असताना आलेल्यांनाही एकच दिनार. पहाटेचे लोक कुरकुरतात. मालक म्हणतो, ठरलेले तुला दिले, माझ्या औदार्याचा तुला का जाच? ही गोष्ट संपून चार-दोन ओळी झाल्या नाहीत तोच जब्दीच्या मुलांची आई पदर पसरून उभी राहते, माझ्या एका मुलाला तुमच्या उजवीकडे बसवा, दुसऱ्याला डावीकडे. म्हणजे गोष्ट ऐकूनही कोणाच्या डोक्यात काही शिरले नव्हते. येशू तिला सांगतो की, ती आसने देणे माझ्या हाती नाही, पित्याने ज्यांच्यासाठी ठेवली त्यांची ती आहेत. पुढे सत्ताविसाव्या अध्यायात त्याच्या उजवीकडे आणि डावीकडे कोण असते, हे मत्तय मुद्दाम नोंदवतो: दोन लुटारू.

बायबल या बाबतीत एका सुरात बोलत नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. दहा मोहरांची गोष्ट सांगताना लूक एका चाकराला दहा नगरांचा अधिकार देतो, दुसऱ्याला पाच. पौल करिंथकरांना लिहितो की, पाया एकच, ख्रिस्त. पण त्यावर कोणी सोन्याचे बांधतो, कोणी गवताचे, आणि शेवटी अग्नी प्रत्येकाच्या बांधकामाची परीक्षा घेईल. गवताचे जळून जाईल, बांधणारा मात्र वाचेल, आगीतून बाहेर पडल्यासारखा. तोच पौल इफिसकरांना बजावतो की, तुमचे तारण कृपेने झाले आहे, कर्मांनी नव्हे, कोणी बढाई मारू नये म्हणून. आणि वधस्तंभावरचा तो लुटारू! त्याला आध्यात्मिक वाढीसाठी मिळून काही तास मिळाले, तेही खिळ्यांवर. त्याला ‘आजच’ सुखलोक मिळाला.

या दोन सुरांतला एकच धरून बसण्याचा मोह ख्रिस्ती धर्माला पहिल्यापासून झाला. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये योविनियन नावाचा संन्यासी सांगू लागला की, बाप्तिस्मा श्रद्धेने पाळणाऱ्या सगळ्यांना स्वर्गात एकच प्रतिफळ आहे. कुमारी, विधवा, संसारी बाई यांच्यात तिथे उजवे-डावे नाही. पोप सिरिशियस यांनी त्याला बहिष्कृत केले. संत जेरोम यांनी ३९३ च्या सुमारास त्याच्याविरुद्ध दोन खंड लिहिले, आणि पेरणाऱ्याच्या दाखल्यातले शंभरपट, साठपट, तीसपट पीक वाटूनच टाकले: शंभर ब्रह्मचर्याला, साठ वैधव्याला, तीस संसाराला. भाषा इतकी जहाल झाली की, पम्माकियस या त्यांच्या रोममधल्या मित्रानेच पुस्तकाच्या प्रती बाजारातून परत गोळा करण्याचा खटाटोप केला. योविनियनचा निष्कर्ष चर्चने नाकारला, आणि आमच्या मते नाकारला ते योग्यच झाले. पण त्याची तक्रार खरी होती. चूल, पोरे आणि सासर सांभाळत देवाचे नाव घेणाऱ्या बाईला जन्मतःच तीस टक्क्यांच्या वर्गात बसवणारे गणित शुभवर्तमानात कुठेही नाही. वाढ मोजायला बसले की माणूस प्रथम आपल्याच आश्रमाला पहिला नंबर देतो. जेरोमही याला अपवाद ठरले नाहीत.

समतोल शब्द सापडला तो ऑगस्टीनला. ‘देवनगरी’च्या शेवटच्या, बाविसाव्या भागात तो म्हणतो की, स्वर्गात मानाच्या पायऱ्या असतीलच, पण कोणाला कोणाचा हेवा वाटणार नाही. आणि माणसाच्या पुण्याईबद्दल त्याचे म्हणणे पुढे कॅथलिक परंपरेचा कणा झाले: देव आपल्या सत्कर्मांना मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने हे अधिकृत शब्दांत बांधले. शुद्ध झालेले सगळे आत्मे देवाला जसा आहे तसा पाहतात, मात्र ज्याच्या-त्याच्या पुण्याईप्रमाणे कोणी अधिक पूर्णतेने, कोणी कमी.

दांतेने शंभर वर्षे आधीच हे चित्र रंगवून ठेवले होते. त्याच्या स्वर्गात सगळ्यांत खालच्या, चंद्राच्या मंडळात पिकार्दा दोनाती भेटते. मठातून तिला भावाने जबरदस्तीने ओढून नेले, लग्न लावले, नवस मोडला. दांते तिला विचारतो, तुम्हांला वरची जागा हवीशी वाटत नाही का? ती बाकीच्या आत्म्यांबरोबर आधी हसते, मग उत्तर देते. देवाच्या इच्छेतच आमची शांती आहे, हा त्या उत्तराचा आशय सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हांला मात्र ते हसू अधिक बोलके वाटते.

मग हे सगळे इतके सुंदर असताना बिघडले कुठे? बिघडले ते तपशिलात, आणि तेही नेमक्या याच तारखांना. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजपुत्र, फ्रेडरिक याने विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये पवित्र अवशेषांचा मोठा संग्रह केला होता. ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला काटा, गव्हाणीतला चारा, असे करत १५२० पर्यंत तो १९ हजारांच्या घरात गेला. सर्व संतांच्या सणाला हे अवशेष लोकांना दाखवले जात, आणि ठरलेले दान देऊन ते पाहणाऱ्याला शुद्धिस्थानातल्या शिक्षेतून सूट मिळे. सगळी बेरीज केली तर ती १९ लाखांहून अधिक वर्षांची होई. मार्टिन ल्यूथरने आपली ९५ विधाने ज्या दिवशी पुढे केली तो ३१ ऑक्टोबर १५१७ हा या सणाचा आदला दिवस होता.

त्याच्या रागाचे तात्कालिक कारण मात्र शेजारचे होते. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने पद मिळवण्यासाठी फुगर या सावकारी पेढीचे कर्ज काढले होते. ते फेडायला त्याच्या मुलखात इंडल्जन्सची, म्हणजे शिक्षामाफीच्या पत्रांची, विक्री सुरू झाली. निम्मा पैसा रोमला संत पेत्राच्या महामंदिराच्या बांधकामासाठी, निम्मा सावकाराला. योहान टेट्झेल हा डॉमिनिकन प्रचारक पत्रे विकत फिरत होता, आणि सॅक्सनीत त्याला बंदी असल्याने विटेनबर्गचे लोक हद्द ओलांडून जात होते. ल्यूथरच्या विधानांपैकी एकाचा रोख असा आहे की, समोर गरजू दिसत असताना त्याला ओलांडून जो शिक्षामाफीवर पैसे घालतो, त्याला माफी मिळत नाही, देवाचा कोप मिळतो. धर्मशास्त्राचा सगळा काथ्याकूट बाजूला ठेवला तरी एवढे एक विधान पुरेसे होते.

ल्यूथरचा अनुभव असा की, त्याने मठात वाढीची पराकाष्ठा केली, उपासतापास केले, तासन् तास पापांगीकार केला, आणि शांती मिळाली नाही. कृपा फुकट आहे, ती विश्वासाने घ्यायची असते, हे कळल्यावर त्याला मोकळा श्वास घेता आला. १५४७ च्या जानेवारीत ट्रेंटच्या धर्मपरिषदेने उत्तर दिले: आरंभ कृपेनेच होतो, तो कोणी कमावू शकत नाही, पण कृपेत जगणाऱ्याची सत्कर्मे खरोखर त्याची असतात आणि ती वाढीला, सार्वकालिक जीवनाला पात्र ठरतात. दोघे एकमेकांचे नीट ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. पुढची चारशे वर्षे याच मुद्द्यावर वेगळी चर्चे, वेगळ्या शाळा, वेगळी कबरस्थाने झाली. ही भांडणे मिशनऱ्यांच्या सामानाबरोबर आपल्याकडेही उतरली. नगर जिल्ह्यात एकाच गावात दोन चर्चे, दोन घंटा आणि लग्नसंबंधांची अडचण, हे चित्र अनेकांनी पाहिले आहे.

गंमत म्हणजे पुण्याईला पुढच्या दाराने हाकलणाऱ्यांकडे ती मागच्या दाराने परत आली. उज्जीवन सभांमधून ‘पाच मुकुटां’वरची प्रवचने ज्यांनी ऐकली असतील त्यांना हे ठाऊक आहे. तारण फुकट, पण वर गेल्यावर आत्मे जिंकणाऱ्याला एक मुकुट, छळ सोसणाऱ्याला एक, मंडळी सांभाळणाऱ्याला एक. पौल, याकोब आणि पेत्र यांच्या पत्रांतून हे मुकुट वेचलेले आहेत, म्हणून ते खोटे नाहीत. पण उपदेशक ते असे मोजतो की, ऐकणाऱ्याला वार्षिक बक्षीस समारंभाचा भास व्हावा. प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायात चोवीस वडील आपापले मुकुट काढून सिंहासनापुढे टाकतात, तिथपर्यंत प्रवचन सहसा पोहोचत नाही.

न्यूमन या वादात उपयोगी पडतात ते इथे. १८२६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, अँग्लिकन असताना त्यांनी एक प्रवचन लिहिले. विषय: पवित्रतेवाचून पुढचे सुख का नाही. त्यांचा युक्तिवाद प्रतिफळाच्या कल्पनेलाच बगल देतो. समजा, पवित्रतेची अजिबात ओढ नसलेल्या माणसाला देवाने स्वर्गात घेतलेच, तर काय होईल? तो तिथे सुखी होईल का? जगात त्याला ज्या गोष्टींची गोडी होती त्यांतली एकही तिथे नाही. ज्या एकाच गोष्टीबद्दल तिथे सगळे बोलतात, तिची त्याला कधी आवड नव्हती. त्याला तिथे परक्यासारखे होईल, आणि असा स्वर्गच त्याला नरक वाटेल. म्हणजे पवित्रता ही स्वर्गाच्या फाटकावर दाखवायची पावती नव्हे. स्वर्गाचा आनंद घेणारी इंद्रिये म्हणजे पवित्रता. ती इथे फुटली नाहीत तर तिथे देवाने कितीही ओतले तरी घेणार कोण?

जवळपास चाळीस वर्षांनी, १८६५ मध्ये, कॅथलिक झालेल्या न्यूमन यांनी ‘द ड्रीम ऑफ गेरॉन्शियस’ हे दीर्घकाव्य लिहिले; पुढे एडवर्ड एल्गार यांनी ते संगीतबद्ध केले. त्यात मेलेल्या माणसाचा आत्मा देवासमोर येतो, क्षणभर दर्शन होते, आणि तो स्वतःच विनवतो की, मला इथून न्या, शुद्ध करा. कोणी त्याला ढकलत नाही. टेट्झेलचे शुद्धिस्थान आणि न्यूमन यांचे शुद्धिस्थान यांत इतकेच अंतर आहे: एकातून लवकर सुटायचे असते, दुसऱ्यात माणूस आपल्या पायांनी जातो. अंतर लहान दिसते, पण आज संध्याकाळी आपल्या माणसासाठी प्रार्थना करणाऱ्याच्या मनात कोणते शुद्धिस्थान आहे, यावर त्याची प्रार्थना लाच ठरते की सोबत, हे अवलंबून आहे.

तरी न्यूमन यांच्या मांडणीत एक धोका आहे. ती बुद्धिमान, सुसंस्कृत, प्रार्थनेला सरावलेल्या माणसाला फार सोयीची आहे. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाला स्वर्ग चर्चसारखा वाटणार, यात नवल नाही. म्हणून त्यांच्या शेजारी त्याच आचार्यांच्या यादीतली दुसरी एक व्यक्ती बसवायला हवी. लिझ्यूची संत तेरेझा, आपल्याकडे शाळांच्या पाट्यांवर ‘लिटल फ्लॉवर’ म्हणून भेटणारी. १८९७ साली क्षयाने चोविसाव्या वर्षी गेली. शिक्षण बेताचे, प्रवास जवळपास नाही, मठात तिने केलेले काम म्हणजे धुणे, झाडणे, नव्या मुलींना शिकवणे. १९९७ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी तिला आचार्य ठरवले.

तेरेझा लहान असताना तिला नेमका आपलाच प्रश्न पडला होता. स्वर्गात सगळ्यांना सारखे वैभव नाही, हे ऐकून तिला वाईट वाटले. कमी मिळालेले तिथे दुःखी नसतील का? तिच्या मोठ्या बहिणीने, पोलीनने, तिला बाबांचा मोठा पेला आणायला सांगितला. शेजारी तिचे स्वतःचे शिवणाचे अंगुस्तान ठेवले. दोन्ही काठोकाठ पाण्याने भरली आणि विचारले, यांतले जास्त भरलेले कोणते? दोन्ही इतकी भरलेली होती की आणखी थेंब मावला नसता. तेरेझाने ही आठवण आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. फ्लॉरेन्सच्या परिषदेचे आणि ऑगस्टीनचे सगळे म्हणणे त्या स्वयंपाकघरी प्रयोगात आले. कोणाचे पात्र मोठे, कोणाचे लहान. रिकामे कोणाचेच नाही.

पण तेरेझा तिथे थांबली नाही, आणि आमच्या मते तिचे खरे आचार्यपण पुढच्या गोष्टीत आहे. जून १८९५ मध्ये तिने स्वतःला देवाला अर्पण करणारी एक प्रार्थना लिहिली. तिच्यात ती म्हणते की, जीवनाच्या संध्याकाळी मी तुझ्यासमोर रिकाम्या हाताने येईन. माझी कर्मे मोजू नकोस, कारण आमच्या साऱ्या नीतिमत्त्वावर तुझ्या दृष्टीला डाग दिसतात. हे ल्यूथरच्या तोंडी शोभले असते. ट्रेंटनंतरच्या कट्टर कॅथलिक मठात, तपश्चर्येचे हिशेब ठेवण्याच्या काळात, एका मुलीने हे लिहिले. शेवटच्या दीड वर्षात तर स्वर्ग आहे यावरचा तिचा विश्वासच अंधारात गेला. तरी ती प्रेम करत राहिली, न आवडणाऱ्या सहचारिणीशी हसून बोलत राहिली. वाढ झाली होती, पण तिला ती दिसत नव्हती.

ही गोष्ट एकटीची नव्हे. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जग चमकले. कोलकात्यातले काम सुरू झाल्यापासून मरेपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, जवळपास पन्नास वर्षे त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती. आध्यात्मिक वाढ म्हणजे आध्यात्मिक अनुभवांची चढती भाजणी, असे जे समजतात, त्यांच्या मोजपट्टीने मदर तेरेसा नापास. चर्चने त्यांना २०१६ मध्ये संत ठरवले. ज्याला आपण वाढ म्हणतो ती बहुतेक वेळा उत्साह असते, आणि खरी वाढ बहुधा ज्याची त्यालाच कळत नाही, हे या दोन तेरेझांनी सिद्ध केले आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या दिवशीही नीतिमानांचा पहिला उद्गार आश्चर्याचाच आहे: प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले? हिशेब ठेवला असता तर त्यांनी हा प्रश्न विचारला नसता.

मराठी माणसाला हिशेब सोडून वाढण्याचे उदाहरण हवे असेल तर दूर जायला नको. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटिज इथे झाला, ज्या भगिनींच्या आश्रमात त्या राहत होत्या तो न्यूमन यांनी इतरांबरोबर सुरू केलेल्या ऑक्सफर्ड चळवळीच्या प्रभावातला. रमाबाईंचे आणि तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांचे सिद्धान्तांवरून कसे खटके उडाले ते त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. आपला विवेक दुसऱ्याच्या स्वाधीन करायला त्या तयार नव्हत्या. १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर, त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा, पुराणवाचन, उपास हे सगळे पुण्य जोडण्यासाठी केलेले; १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेलेली. आता तारण ही मेल्यानंतर कमाईप्रमाणे मिळायची गोष्ट नाही, आजच, फुकट मिळते, हे त्यांना उमगले.

फुकट मिळाले म्हणून त्या स्वस्थ बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुलीबायका आणल्या. केडगावच्या माळावर विहिरी खणून, तंबूंतून सुरुवात करून ‘मुक्ती’ उभी राहिली. छापखाना, विणकाम, दूधदुभते, अंधांसाठी शिक्षण. अखेरपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालू. कृपा फुकट आहे असे सांगितले की माणसे आळशी होतील, ही भीती कॅथलिकांना ल्यूथरबद्दल वाटत होती. केडगाव हे तिचे उत्तर आहे. आणि वाढीचा आग्रह धरला की माणसे घमेंडी होतील, ही भीती प्रॉटेस्टंटांना रोमबद्दल वाटत होती. लिझ्यू हे तिचे उत्तर.

तेव्हा आमचे मत असे. आध्यात्मिक वाढ स्वर्गाचे दार उघडत नाही. ते ज्याचे घर त्याने आतून उघडलेले आहे. ती मजुरीही नाही. मजुरीची भाषा बोलणारे द्राक्षमळ्यात कुरकुरताना सापडतात. वाढीने ठरते ते आपल्यात किती मावेल. त्या अर्थी, आणि त्याच अर्थी, ती प्रतिफळ ठरवते. आजीची पन्नास वर्षे वाया गेली नाहीत. तिच्या दिराला ती आज हेवा न करता दिसत असतील, आणि तिला त्याच्या त्या शेवटच्या आठवड्याचा आनंद झाला असेल. कबरीखालच्या त्या अर्भकाला वाढ मिळालीच नाही, म्हणून त्याचे पात्र लहान, असे म्हणायला आमची जीभ धजत नाही. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम कारणे आहेत, असे सांगितले. ‘लिंबो’च्या उंबऱ्यावर शतकानुशतके ताटकळत ठेवलेल्या मुलांसाठी ते फार उशिरा आले, पण आले. पात्र मोठे करण्याचे काम देव आपल्या हाताविना करू शकत नाही, असे मानायला आधार नाही. ज्या वृद्धाला विस्मरणाच्या आजारात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ हे शब्दही आठवेनासे झाले, त्याच्या वाढीचा आलेख खाली गेला असे कोणी म्हणत असेल, तर त्याने आधी आपले पात्र तपासावे.

एक व्यावहारिक बाब उरते. कॅथलिक नियमाप्रमाणे १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्याला, पापांगीकार, ख्रिस्तशरीरग्रहण आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना या अटींवर, मृतांसाठी पूर्ण इंडल्जन्स आजही आहे. त्यात पैशाचा संबंध नाही, १५६७ साली पायस पाचव्यांनी तो तोडला. पण प्रॉटेस्टंट शेजारी हा शब्द ऐकून दचकतो, आणि कॅथलिक शेजाऱ्याला तो समजावून सांगता येत नाही. दोघांच्याही धर्मगुरूंनी हे काम टाळलेले आहे.

टाळायला आता सबब नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ल्यूथरच्या त्याच तारखेला, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथॉडिस्टांनी आणि २०१७ मध्ये विटेनबर्गलाच रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघटनेने त्याला संमती दिली. सारे घोषणापत्र ४४ परिच्छेदांचे आहे, एका संध्याकाळी वाचून होते. वसई, नगर, पुणे, मिरज इथल्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मंडळींनी या नोव्हेंबरात एकदा एका हॉलमध्ये बसून ते मोठ्याने वाचावे, अशी आमची विनंती आहे. वेळ थोडा असेल तर सुरुवात परिच्छेद ३७ पासून करावी; सत्कर्मे आणि प्रतिफळ यांबद्दलचे तीन परिच्छेद तिथे आहेत, आणि त्यांतला एक कॅथलिकांनी लुथरनांना, एक लुथरनांनी कॅथलिकांना समजावून सांगितलेला आहे.